हेडसेट घातलेला माणूस फसलेला नसतो

आभासी वास्तवाबद्दल, म्हणजे व्हीआरबद्दल, बोलताना एक विधान आता इतकं सर्रास केलं जातं, की ते तपासून पाहावं असं कुणाला वाटत नाही. हेडसेट डोळ्यांवर चढला की सामान्य माणूस खरं काय आणि खोटं काय हे विसरतो, असं ते विधान. तंत्रज्ञानाचा धसका घेतलेले लोक ते काळजीनं करतात. हेडसेट विकणाऱ्या कंपन्या तेच अभिमानानं करतात. काही अभ्यासक त्याला विद्वत्तेचा पेहराव चढवतात आणि म्हणतात, की आपल्याला नेमकं काय जाणवलं हे सामान्य वापरकर्त्याला सांगताच येत नाही, तो चित्राचा दर्जा, खेळातली मजा आणि 'तिथं असल्याची जाणीव' यांची गल्लत करतो. या तिघांचं एरवी एकमेकांशी पटत नाही. पण हेडसेट घालणारा माणूस भाबडा असतो, हे तिघांनीही धरूनच चाललेलं आहे.

हे गृहीतक चुकीचं आहे. ते निरुपद्रवीही नाही. या माध्यमातून कुणावर उपचार होणार, कुणाला काय विकलं जाणार आणि कुणाची तक्रार ऐकून घेतली जाणार, हे सगळं त्यावर ठरतं. म्हणून ते मुळापासून तपासायला हवं.

आधी लोक काय म्हणतात ते पाहू. मॉलमध्ये, प्रदर्शनात किंवा मित्राच्या घरी व्हीआर पाहिलेल्या माणसांना बहुधा उंचीचा एखादा खेळ दाखवलेला असतो. 'रिचीज प्लँक एक्स्पीरियन्स' हा 2016 मध्ये आलेला खेळ त्यांपैकी सर्वांत गाजलेला. लिफ्ट वर जाते, दार उघडतं आणि समोर शहराच्या छातीवर अधांतरी निघालेली एक फळी दिसते. तिच्यावरून चालत जायचं, एवढंच. अनेक जण खोलीतल्या जमिनीवर खरोखरची फळीही ठेवतात, म्हणजे पायाला तिची कड लागते. खेळून झालेल्या माणसाला विचारा. तो म्हणेल, 'खोटं आहे हे माहीत होतं, पण पाय उचलेना.' दुसरा म्हणेल, 'आपण हॉलमध्येच उभे आहोत हे कळत होतं, तरी पोटात गोळा आला.' शब्द बदलतील, वाक्याची घडण बदलणार नाही. एका अर्ध्यात तो आपल्याला काय माहीत होतं ते सांगतो, दुसऱ्या अर्ध्यात आपल्या देहाचं काय झालं ते सांगतो, आणि मधला 'पण' किंवा 'तरी' गाळत नाही. विसरलेला माणूस असं बोलत नाही. विसरलेल्याच्या तोंडी 'पण' येणार कुठून?

आता या विषयाला ज्यांनी आयुष्य दिलं त्यांचं म्हणणं पाहू. मेल स्लेटर हे लंडन आणि बार्सिलोना इथं दीर्घकाळ काम केलेले संशोधक. 2009 च्या एका निबंधात त्यांनी या अनुभवाची दोन अंगं वेगळी केली : आपण त्या ठिकाणी आहोत असं वाटणं, आणि तिथं जे घडतंय ते खरोखर घडतंय असं वाटणं. दोन्ही ठिकाणी त्यांची अट एकच आहे. आपण तिथं नाही आणि तसं काही घडत नाही हे माणसाला पक्कं ठाऊक असतं, आणि ते ठाऊक असतानाच तसं वाटतं. ही जाणीव समजुतीच्या पातळीवरची नसून इंद्रियांच्या पातळीवरची आहे, हे ते पुढंही सांगत राहिले. समोर कडा दिसला की देह आधी सावरतो, बुद्धी मागून येऊन 'हे खरं नाही' म्हणते, पण तोवर छातीत धडधड सुरू झालेली असते. फळीवरून उतरलेल्या माणसाचं वाक्य यापेक्षा वेगळं काय सांगतं? संशोधकाला जे अनेक वर्षांच्या प्रयोगांतून नेमकं मांडता आलं, ते त्या माणसानं खेळ संपल्यावर पहिल्याच वाक्यात मांडलेलं असतं.

यात गूढ काही नाही. म्युलर-लायरच्या 1889 मधल्या प्रसिद्ध आकृतीत दोन सारख्या लांबीच्या रेघा असतात. एकीच्या टोकांना आत वळलेले बाण, दुसरीच्या टोकांना बाहेर वळलेले. पट्टीनं मोजून दोन्ही सारख्या आहेत याची खात्री करा, तरी डोळ्यांना एक लांबच दिसते. म्हणून रेघा मोजणाऱ्याला आपण मूर्ख ठरवत नाही. 1998 मध्ये बॉटविनिक आणि कोहेन यांनी रबरी हाताचा प्रयोग प्रसिद्ध केला. स्वतःचा हात आडोशाला, समोर रबरी हात, आणि दोन्हींवर एकाच वेळी कुंचला फिरवला, तर तो स्पर्श रबरी हातावरच होतोय असं माणसाला वाटू लागतं. हात रबराचा आहे हे त्याला सबंध वेळ दिसत असतं. ठाऊक असणं आणि जाणवणं या मनाच्या दोन वेगळ्या वाटा आहेत. एकीवर उजेड पडला म्हणून दुसरी बंद होत नाही.

मग भाबड्या प्रेक्षकाची ही कथा आली कुठून? ती व्हीआरपेक्षा पुष्कळ जुनी आहे. ल्युमिएर बंधूंच्या चित्रपटात स्थानकात शिरणारी आगगाडी पाहून पॅरिसचे प्रेक्षक जीव घेऊन पळाले, ही गोष्ट चित्रपटाच्या इतिहासाची नांदी म्हणून शंभर वर्षं सांगितली गेली. जर्मन अभ्यासक मार्टिन लॉइपरडिंगर यांनी तिचा माग काढला, तेव्हा अशा पळापळीचा त्या काळातला कुठलाही भरवशाचा पुरावा सापडला नाही. अमेरिकी चित्रपट-इतिहासकार टॉम गनिंग यांनी 1989 मध्येच दाखवून दिलं होतं, की ते प्रेक्षक जादूच्या प्रयोगांना सरावलेले शहरी लोक होते आणि आपण यंत्राची करामत पाहायला आलो आहोत हे त्यांना नीट ठाऊक होतं. ते दचकले असतील, ओरडलेही असतील. तरी गाडी पडद्यातून बाहेर येणार आहे असं त्यांनी मानलं नव्हतं. याच आगगाडीचा चित्रपट 7 जुलै 1896 रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात दाखवला गेला. हिंदुस्थानातला तो पहिला चित्रपट-खेळ. तो पाहायला आलेला माणूसही तिकिटाचे पैसे मोजून नवल बघायला आला होता. पैसे मोजून आलेला माणूस आपण काय पाहायला आलो हे विसरत नाही.

आपल्याकडे या कथेची एक देशी आवृत्ती आहे. 1987-88 मध्ये दूरदर्शनवर 'रामायण' लागायचं तेव्हा लोक दूरचित्रवाणी संचाला हार घालायचे, उदबत्ती ओवाळायचे. सुशिक्षितांनी ती दृश्यं अडाणीपणाचा पुरावा म्हणून वर्षानुवर्षं वापरली. पण हार घालणाऱ्या आजींना तो संच बाजारातून आणलेला आहे आणि पडद्यावर नट आहे, हे ठाऊक नव्हतं असं मानायला आधार काय? मूर्तीसमोर हात जोडणाऱ्याला ती पाथरवटानं घडवली हे माहीत असतं, आणि हात तरीही जुळतात. बालगंधर्वांची भामिनी पाहायला आलेल्या बायका त्यांच्यासारखं नेसू लागल्या. साडीमागं नारायणराव राजहंस हा पुरुष नट आहे हे नाट्यगृहातल्या प्रत्येकीला ठाऊक होतं. माहीत असूनही मनापासून तिथं असणं ही आपल्या समाजाची जुनी, कमावलेली क्षमता आहे. तिला भाबडेपणा म्हणणाऱ्यांनी प्रेक्षकाकडे नीट पाहिलेलंच नाही.

आता अभ्यासकांच्या आक्षेपाकडे वळू, कारण तो जास्त गंभीर आहे. लोक शब्द ढिसाळपणे वापरतात, असं ते म्हणतात. 'एकदम खरं वाटलं' यातून चित्र स्पष्ट होतं हे कळायचं, की तिथं असल्यासारखं वाटलं हे कळायचं? प्रश्न रास्त आहे. पण तो विचारणाऱ्यांनी आधी आपलं घर पाहावं. मॅथ्यू लोंबार्ड आणि थेरेसा डिटन यांनी 1997 मध्ये या विषयावरचं लेखन गोळा केलं, तेव्हा 'प्रेझेन्स', म्हणजे उपस्थिती, या एका शब्दाखाली अभ्यासकांनी सहा वेगवेगळ्या कल्पना चालवलेल्या आढळल्या. कुणी त्याचा अर्थ चित्राचा खरेपणा असा घेत होतं, कुणी दुसऱ्या जागी पोहोचणं असा, तर कुणी पडद्यावरच्या पात्राशी जवळीक असा. तज्ज्ञांच्या एका शब्दाचे सहा अर्थ निघत असताना ढिसाळपणाचा ठपका हेडसेट भाड्यानं घेणाऱ्या पोरावर का?

त्यांच्या मोजमापाचंही तेच. अमेरिकी लष्कराच्या संशोधन संस्थेतल्या विटमर आणि सिंगर यांची 1998 ची प्रश्नावली या क्षेत्रात फार वापरली गेली. 2000 मध्ये स्लेटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधी कसोटी घेतली. काही जणांना खऱ्या कार्यालयात एक डबा शोधायला लावला, काहींना त्याच कार्यालयाच्या आभासी प्रतिकृतीत, आणि सगळ्यांना प्रश्नावली भरायला दिली. खऱ्या खोलीत प्रत्यक्ष फिरलेली माणसं आणि हेडसेटमध्ये फिरलेली माणसं, यांच्यातला फरक त्या प्रश्नावलीला धडपणे दाखवता आला नाही. 2004 मध्ये स्लेटर यांनी आणखी एक पाऊल टाकलं. कालचा दिवस किती 'रंगीत' गेला, असा एक मनानं रचलेला गुण घेऊन त्यांनी लोकांना प्रश्न विचारले, आणि उत्तरांतून नीटनेटके सांख्यिकी संबंध काढून दाखवले. प्रश्न छापून आकडे मिळाले म्हणजे ती गोष्ट अस्तित्वात असते असं नाही, हे त्यांना दाखवायचं होतं.

यावर कुणी म्हणेल, की यातून लोकांची साक्षच निरुपयोगी ठरते. मला तसं वाटत नाही. यातून निरुपयोगी ठरतो तो साक्ष घेण्याचा एक प्रकार : लोकांच्या दुहेरी वाक्यातला 'पण' काढून टाकायचा आणि त्यांना एक ते सातमधल्या एका आकड्यावर बोट ठेवायला लावायचं. 'खोटं आहे हे माहीत होतं, पण पाय उचलेना' याला सातपैकी किती गुण द्यायचे? ज्ञानाचे द्यायचे की पायाचे? प्रश्नावलीत या वाक्याला जागाच नव्हती, आणि सापडलं नाही ते लोकांना सांगता येत नाही असा निष्कर्ष निघाला.

लोकांचं वाक्य जसंच्या तसं घेतलं तर ते तपासता येतं. नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात फ्रेड ब्रुक्स यांच्या चमूनं तेच केलं. आभासी खोलीत सुमारे वीस फूट खोल खड्डा, आणि त्याच्या कडेनं जाणारी अरुंद वाट. माणसं खड्डा असलेल्या खोलीत शिरताच त्यांच्या हृदयाचे ठोके वाढले. 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामात जमिनीवर खरोखरची जेमतेम दीड इंच उंचीची लाकडी कड ठेवली, तेव्हा प्रतिसाद आणखी तीव्र झाला. दीड इंचावरून पडून कुणाला काही होत नाही हे प्रत्येकाला ठाऊक होतं. ठोके तरी वाढले. लोकांच्या वाक्यातला दुसरा अर्धा यंत्रानं जसाच्या तसा नोंदवला.

याच खड्ड्यानं बाजाराचाही एक दावा डळमळीत केला. चित्र जितकं हुबेहूब तितका माणूस अधिक तिथं, असं सांगून दर वर्षी नवा हेडसेट खपवला जातो. पण 2003 मध्ये त्याच खड्ड्याची चित्रं साधी आणि बारकाव्यांची अशा वेगवेगळ्या दर्जांत दाखवून पाहिली, तेव्हा ठोके सगळ्याच वेळी वाढले आणि दर्जांमध्ये ठळक फरक पडला नाही. प्रामाणिकपणे हेही सांगायला हवं, की पुढं 2009 मध्ये स्लेटर यांच्या चमूला वेगळं चित्र दिसलं. सावल्या आणि प्रतिबिंबं त्या क्षणी माणसाच्या हालचालीबरोबर हलू लागली, तेव्हा प्रतिसाद वाढला. म्हणजे कळीची गोष्ट आहे ती आपण हललो की जगानं दाद देणं, पायाखाली कड लागणं, मान वळवली की दृश्यानं न अडखळता वळणं. देहाला जे कळतं ते असं कळतं.

माझ्या म्हणण्याविरुद्धचा सर्वांत सबळ पुरावा लहान मुलांचा आहे, आणि तो मी टाळणार नाही. स्टॅनफर्डमध्ये सेगोव्हिया आणि बेलेन्सन यांनी 2009 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात प्राथमिक शाळेतल्या मुलांना आभासी जगात त्यांचीच प्रतिमा देवमाशांबरोबर पोहताना दाखवली. काही दिवसांनी त्यांतल्या काहींना ते खरंच घडलं होतं असं आठवू लागलं. हा धोका खरा आहे. मुलांच्या हाती हेडसेट देताना शाळांनी आणि पालकांनी तो लक्षात ठेवलाच पाहिजे. पण त्याच अभ्यासाचा दुसरा निष्कर्ष सहसा सांगितला जात नाही : ज्या मुलांना हेडसेट न देता नुसती कल्पना करायला सांगितली, त्यांच्यातही अशा खोट्या आठवणी वाढल्या. इथं प्रश्न मुलांच्या कोवळ्या स्मृतीचा आहे, आणि तो गोष्टी सांगणाऱ्या प्रत्येक माध्यमाला लागू आहे. सात वर्षांच्या मुलाच्या आठवणीवरून चाळीस वर्षांच्या बाईला भोळी ठरवता येत नाही.

हा नुसता शास्त्रार्थ असता तर मी एवढ्या आग्रहानं लिहिलं नसतं. लोकांच्या वाक्याचा कुठला अर्धा आपण फेकून देतो, त्यावर पुढचं बरंच ठरतं.

पहिला अर्धा फेकला की काय होतं ते 2015 मध्ये दिसलं. चित्रपटकार ख्रिस मिल्क यांनी व्हीआरला सहानुभूतीचं परमयंत्र म्हणून जगापुढं मांडलं. जॉर्डनमधल्या झातारी छावणीतल्या सिद्रा या बारा वर्षांच्या सीरियन मुलीवरचा त्यांचा चित्रपट दाव्होसला बड्या लोकांना दाखवला गेला. दाखवण्याचा हेतू चांगला होता, दावा खोटा होता. पाहणाऱ्याला सबंध वेळ माहीत असतं, की काही मिनिटांत आपण हेडसेट काढणार आहोत. निर्वासिताचं दुःख याच जागी सुरू होतं : त्याला ते काढून ठेवता येत नाही. तेव्हा येलमध्ये असलेले मानसशास्त्रज्ञ पॉल ब्लूम यांनी 2017 मध्ये नेमका हा आक्षेप घेतला. सामान्य प्रेक्षकाला तो समजावून सांगावा लागत नाही. 'आपण परत येणार हे माहीत होतं' हे त्याच्या वाक्यात आधीपासून असतं. ते ऐकून घेतलं असतं, तर काही मिनिटांच्या दृश्यानं माणूस निर्वासित होऊन येतो असा प्रचार कुणी केला नसता.

दुसरा अर्धा फेकला की जे होतं ते अधिक वाईट. 2016 मध्ये एका अमेरिकन स्त्रीनं 'क्विव्हर' या धनुर्विद्येच्या व्हीआर खेळात एका अनोळखी खेळाडूनं आपल्या आभासी देहाशी केलेल्या लैंगिक चाळ्यांविषयी लिहिलं. त्याच खेळात थोडं आधी तिला किल्ल्यावरून खाली पाहताना उंचीची भीती वाटली होती. ती उंची देहाला खरी वाटत असेल तर हे हातही खरेच वाटणार, असं तिचं म्हणणं होतं. तिला मिळालेली असंख्य उत्तरं एकाच छापाची होती : ते खरं नव्हतंच, हेडसेट काढायचा. उंचीला घाबरणाऱ्याचा व्हिडिओ करून हसायचं आणि त्याची भीती हे तंत्राचं यश म्हणून मिरवायचं, पण बाईनं अंगावर काटा आल्याचं सांगितलं की 'खोटं होतं' म्हणायचं, हा उघड दुटप्पीपणा आहे. त्या खेळाच्या निर्मात्यांनी तिचं म्हणणं मानलं आणि खेळाडूला स्वतःभोवती संरक्षक कडं करता येईल अशी सोय केली. मेटा कंपनीनं आपल्या आभासी जगांत खेळाडूंमध्ये सुमारे चार फुटांचं अंतर राखणारी सीमा आणली ती 2022 मध्ये, अशाच तक्रारींनंतर. ज्या कंपन्या 'तुम्ही तिथं असता' असं सांगून हेडसेट विकतात, त्यांना तिथं झालेल्या त्रासाची जबाबदारी झटकता येणार नाही.

आणि दोन्ही अर्धे जपले की काय साधतं, तेही समोर आहे. अटलांटात बार्बरा रॉथबॉम आणि लॅरी हॉजेस यांनी 1995 मध्ये उंचीच्या भीतीवर व्हीआरनं उपचार करून दाखवले. त्या वेळची चित्रं आजच्या मोबाइल खेळापेक्षाही ओबडधोबड होती, तरी रुग्णांची भीती कमी झाली. 2018 मध्ये ऑक्सफर्डच्या डॅनियल फ्रीमन यांनी 100 जणांच्या चाचणीत, आभासी मार्गदर्शकाच्या मदतीनं, मोठा गुण आल्याचं दाखवलं. हा उपचार चालतो तो दोन्ही अर्ध्यांच्या बळावर. खोटं आहे हे माहीत असतं म्हणून रुग्ण सज्जात पाऊल टाकायला तयार होतो. देहाला ते खरं वाटतं म्हणून तिथं उभं राहून काही शिकता येतं. तो खरोखर फसला असता तर पहिल्या मजल्यावरच पळाला असता, आणि त्याला काहीच जाणवलं नसतं तर बरा झाला नसता.

म्हणून माझं म्हणणं स्पष्ट आहे. सामान्य माणसाला आभासी जगातली आपली उपस्थिती कळते, आणि ती नेमकी कळते. ती सांगण्यासाठी त्याला नवी परिभाषा लागत नाही. त्याचं वाक्य अर्धवट ऐकणाऱ्यांनी ते पुरतं ऐकायला शिकलं पाहिजे. आपल्याकडच्या शाळा, रुग्णालयं, संग्रहालयं हेडसेट विकत घेऊ लागली आहेत. तिथल्या जबाबदार माणसांना एकच विनंती. हेडसेट उतरवणाऱ्याला 'मजा आली का?' एवढंच विचारून सोडू नका. 'तुम्हाला काय माहीत होतं?' आणि 'तुमच्या अंगाचं काय झालं?' हे दोन्ही विचारा, आणि मिळालेली दोन्ही उत्तरं शब्दशः लिहून ठेवा.